देवघरातली वेणीवाली

आमच्या घरात चांदीवरून भांडण व्हायचं ते तिच्या भावावरून नव्हे, तिच्या रंगावरून. आईचं म्हणणं, चांदी पांढरी हवी. आप्पांचं म्हणणं, ती काळीच बरी. दर सणाच्या आधी आई देवाचं ताम्हण, निरांजनं, पेले, कुंकवाचा करंडा असं सगळं घेऊन मागच्या मोरीपाशी बसायची. शेजारी चिंचेचा कोळ आणि चुलीतली चाळून घेतलेली राख. एकेक भांडं ती जीव तोडून घासायची आणि उन्हात धरून बघायची. आप्पा तिथून जाताना मुद्दाम थांबायचे. "केलास आरसा? त्याचं वय घालवलंस सगळं." आई मान वर न करता म्हणायची, "भांड्याला कशाला हवंय वय? चांदी काळी ठेवून घरात अवदसा आणायची होय?" आप्पा हसून दुकानात उतरायचे. हे भांडण आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातली वाक्यं मी आणि अक्का त्यांच्या आधी ओठांत म्हणायचो.

दुकान खाली, घर वर. हुबळीच्या दाजीबान पेठेत मिरजेकडून आलेली आमच्यासारखी बरीच घरं होती; मराठीत जेवायचं, कानडीत धंदा करायचा, आणि रागावायचं कुठल्या भाषेत ते समोरच्यावर अवलंबून. आप्पांचं दुकान खणांचं आणि इरकली लुगड्यांचं. सकाळी गाठोडी सोडली की नव्या खणाच्या खळीचा वास जिन्यावरून वर यायचा आणि आईच्या फोडणीत मिसळायचा. मला अजून कुठं खळीचा वास आला की त्यामागून लसणीचा यायला हवा असं वाटतं. खाली आप्पा कापड फाडायचे. आधी कात्रीची कच्च, मग तो लांब टर्र आवाज. वर आत्या देवघरात घंटा वाजवायची. आत्या म्हणजे आप्पांची मोठी बहीण, फार लवकर विधवा होऊन माहेरी परत आलेली. देवघर तिचं राज्य होतं. पूजा तीच करायची, आणि देवात काय चालतं नि काय चालत नाही हेही तीच सांगायची. दुपारी ज्वारीच्या भाकऱ्या, भरल्या वांग्यांची एण्णेगाई, शेंगाचटणीवर तेलाची धार. आप्पा जेवायला वर आले की पहिला प्रश्न, "शकू आली?"

शकू म्हणजे माझी अक्का. शकुंतला हे नाव फक्त शाळेतलं. आम्ही दोघीच बहिणी, घरात मुलगा नाही, आणि याबद्दल आत्या दिवसाकाठी एकदा तरी सुस्कारा टाकायची. अक्का माझ्याहून बरीच मोठी, उंच, सावळी, आणि तिची वेणी मनगटाएवढी जाड. पावसाळ्यात तिला सारखी सर्दी व्हायची. नाक ओढत ओढत ती पुस्तक वाचत बसायची आणि आत्या तिच्या कानात लसणीचं कोमट तेल घालायला मागे मागे फिरायची. मला सर्दी झाली तर मात्र "जा, तोंड धू" एवढंच.

आता आप्पांच्या नाण्यांचं सांगते. आप्पा जुनी जर्मन चांदीची नाणी जमवायचे. हुबळीतला एक खणवाला हे का करील, असं मला आजही लोक विचारतात. उत्तर असं आहे की ते एका चुकीतून सुरू झालं. सराफांच्या गल्लीत मौनेशअण्णा पत्तार म्हणून सोनार होते, आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. कानडी माणूस, आमच्याशी मराठी बोलताना वाक्याची सुरुवात मराठीत आणि शेपूट कानडीत. त्यांच्याकडे मोडीत आलेल्या चांदीच्या ढिगात आप्पांना एक मोठं काळपट नाणं दिसलं. त्यावर दोन डोक्यांचा पक्षी. आप्पांना वाटलं, हा आपला गंडभेरुंड. म्हैसूरचं, नाहीतर त्याहून जुनं एखादं राजमुद्रेचं नाणं आपल्याला गवसलं. महिनाभर ते दुकानाच्या गादीवर मखमलीच्या तुकड्यावर ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. गिऱ्हाइकं नमस्कारसुद्धा करायची. मग धारवाडचे एक वयस्कर ख्रिस्ती मास्तर बायकोसाठी इरकल घ्यायला आले, त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन नाणं पाहिलं आणि हळूच सांगितलं की हा गरुड जर्मन आहे, तिकडच्या कुठल्याशा जुन्या शहराचा. पूर्वी इकडे जर्मन पाद्री होते, त्यांच्या पेट्यांतून अशी नाणी आली असतील, हातोहाती फिरली असतील.

पेठेत हसू झालं. आप्पांचं नाव जर्मनआप्पा पडलं. शेजारच्या बायकांना जर्मन म्हणजे पातेली एवढंच ठाऊक, त्यामुळे आप्पा ॲल्युमिनियमची नाणी जमवतात असा आईच्या माहेरपर्यंत बोभाटा झाला. दुसरा कुणी असता तर त्यानं ते नाणं वितळवून पैंजण केले असते. आप्पा हट्टी. ते म्हणाले, "गंडभेरुंड समजून हात धरला खरा, पण आता धरला तो धरला." मौनेशअण्णांना सांगून ठेवलं, मोडीत असं काही आलं तर भट्टीत घालायच्या आधी मला दाखव. येत गेली. कुणाच्या तरी जुन्या करदोट्यातून, कारवारकडच्या कुणाच्या पेटीतून, एखादं कान तुटलेलं, एखादं भोक पाडलेलं. मुकुटवाले, दाढीवाले, टकले राजे. आप्पा प्रत्येकाला मलमलीच्या तुकड्याची पिशवी शिवून घ्यायचे, आणि त्यांचे नियम आम्हाला पाठ होते. नाणं काठानं धरायचं. तोंडावर बोट लावायचं नाही. आणि पुसायचं तर मुळीच नाही, कारण तो काळेपणा इतक्या वर्षांनी चढलेला असतो, एकदा घालवला की कुणाच्या बापाला परत आणता येत नाही.

त्यावरची अक्षरं मात्र आप्पांना वाचता येत नव्हती. ते काम अक्कानं उचललं. कॉलेजसाठी ती रोज बसनं धारवाडला जायची. तिथं त्याच मास्तरांकडे तिनं जर्मनची शिकवणी लावली. सगळ्या पेठेत जर्मन शिकणारी ती एकटी मुलगी. आत्या म्हणायची, "हिला काय तिकडे द्यायचीय?" संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी आप्पा आणि अक्का गादीवर मांडीला मांडी लावून बसायचे. मध्ये गिरमिटाचा, म्हणजे कालवलेल्या चुरमुऱ्यांचा कागद आणि वर मिरची भजी. तेलकट बोटं नाण्याला लागू नयेत म्हणून आप्पा दर खेपेला हात धुऊन यायचे. अक्का भिंगातून अक्षर अक्षर वाचायची, अर्थ सांगायची, आणि आप्पांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरायचा जो माझ्या परीक्षेच्या निकालानं कधी पसरला नाही. मला हेवा वाटायचा. पण अक्काचा राग फार वेळ धरता येत नसे, ती शेवटचं भजं नेहमी माझ्यासाठी राखून ठेवायची.

एका दिवाळीला मोठं रामायण झालं. आप्पा माल आणायला गुळेदगुड्डला गेले होते. लक्ष्मीपूजनाला मांडायला घरात एवढी चांदी असताना ती काळ्या तोंडानं का मांडायची, असा विचार करून आईनं पेटी उघडली आणि वरवरची काही नाणी चिंचेनं घासून काढली. मोठ्या प्रेमानं केलं तिनं. आप्पा आले तर पाटावर नाणी चकाकत होती. ते पाटासमोर उभे राहिले. आई पदराला हात पुसत म्हणाली, "बघा की, कशी दिसतात आता." पूजा झाली, फराळ झाला, त्यांनी चकलीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली जानव्याला. आईलाही ते लागलं. "माझ्या हाताला काय विटाळ आहे?" असं ती आत्याजवळ म्हणाली होती. त्यानंतर चांदीवरचं भांडण चालू राहिलं, पण त्यातली गंमत थोडी कमी झाली.

वेणीवाली आली ती अळणावरहून. तिथं एका जुन्या ख्रिस्ती बाईंकडे जर्मन नाणं आहे असं मौनेशअण्णांना कळलं. बाईंच्या सासऱ्यांनी पाद्र्यांकडे सुतारकाम केलेलं. आप्पा, अक्का आणि हट्ट करून मी असे तिघं रेल्वेनं निघालो. धारवाड मागे पडलं की हळूहळू झाडी दाट होते, आणि अळणावर स्टेशनात उतरलं की ओल्या लाकडाचा वास येतो. लाकडाच्या वखारींमधून वाट काढत आम्ही त्या घरी गेलो. बाईंनी आम्हाला फणसाची भाजी आणि भात वाढला, आणि मग कपाटातून एका रुमालात बांधलेलं नाणं काढलं. त्यावर राजा नव्हता. एक तरुण मुलगी होती, बाजूला पाहणारी, सरळ नाकाची, आणि तिची जाड वेणी कानामागून वळसा घेऊन गेली होती. वेणीचा पेड न् पेड दिसत होता. बाई कानडीत म्हणाल्या की आमच्या घरात हिला सगळे मुलगीच म्हणतात, मला नातवंडं नाहीत, मी गेल्यावर हिला कोण भट्टीत घालील कुणास ठाऊक, तुम्ही नीट ठेवणार असाल तर न्या.

परतीच्या गाडीत अक्कानं खिडकीपाशी बसून भिंगातून वाचलं. "फ्राये श्टाट फ्रांकफुर्ट. म्हणजे स्वतंत्र शहर फ्रँकफर्ट." आप्पांनी विचारलं, "पण ही बाई कोण? राणी?" अक्कानं मास्तरांकडून असलं बरंच ऐकलेलं होतं. ती म्हणाली, "राणी नव्हे, आप्पा. हे शहरच आहे. त्या शहराला राजा नव्हता, म्हणून त्यांनी शहराचंच तोंड घातलं." आप्पा म्हणाले, "शहराला कुठं तोंड असतं?" अक्का हसली. "आपली द्यामव्वा नाही का? तशी त्यांची ही गावदेवी." आप्पा कितीतरी वेळ एकदा नाण्याकडे आणि एकदा अक्काकडे बघत होते. अक्काची वेणी तेव्हा खांद्यावरून पुढे आली होती. मी पेरू खात होते आणि मला झोप येत होती. आमच्या तिघांचा तो एवढा एकच प्रवास.

हे लिहिताना मला थांबावंसं वाटतं. हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरातल्या माझ्या या घरात दुपारी फार शांत असतं, मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसांचा आवाज तेवढा येतो. अक्का त्याच रस्त्यानं धारवाडला जायची, तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळं रान असायचं. माझं वय आता अक्काच्या वयाच्या कितीतरी पुढे गेलंय, तरी स्वप्नात ती मोठी आणि मी लहान असते.

पुढच्या पावसाळ्यात अक्काला ताप आला. आम्हाला वाटलं, नेहमीची सर्दी. आत्यानं तेल घातलं, काढा केला. मग ती बरळू लागली, कधी मराठी, कधी जर्मन. तिला इस्पितळात नेलं तेव्हा आप्पांनी दुकान उघडंच टाकलं होतं. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेलाय. ती परत आली ती आडवीच. त्या दिवसाबद्दल मला एवढंच सांगता येतं की तिची वेणी घातल्याशिवाय आईनं तिला कुणाला उचलू दिलं नाही. केस फार गुंतले होते. बाहेर माणसं खोळंबली होती, आणि आई गुंता सोडवत होती, दुखू नये म्हणून केस मुळाशी धरून, जसे ती रोज धरायची.

घर त्यानंतर गप्प झालं. खालून कापड फाटल्याचा आवाज यायचा, वरून घंटा, मधे कुणी बोलत नसे. आप्पा रडले नाहीत. जेवायला वर यायचे, आणि "शकू आली?" हा प्रश्न ओठांवर येऊन थबकलेला आम्हाला दिसायचा. मग ते खाली मान घालून भाकरी कुस्करायचे. नाण्यांची पेटी त्यांनी उघडली नाही. आई त्यांच्यावर रागावलेली होती. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुणावर तरी रागवायला हवं होतं, म्हणून असेल.

आमच्या घराण्यात अशी रीत आहे की कुणी अकाली गेलं तर त्याचा टाक करून देवघरात बसवतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठशानं उठवलेली बोटभर मूर्ती. देवांचे टाक असतात तसे पूर्वजांचेही. आमच्या देवघरात आप्पांचे एक काका होते, घोड्यावर बसलेले. त्यांना रोज पाणी, गंध, फूल. म्हणजे माणूस गेला तरी त्याची आंघोळ, त्याचं जेवण घरात होत राहतं. आईनं एक दिवस आत्याला सांगितलं, "शकूचा टाक करायचाय." आत्या फुलवाती वळत होती. ती म्हणाली, "लेकीचा टाक माहेरात बसत नाही. लेक दुसऱ्याच्या घरची. ती तिकडे गेली असती तर तिकडच्यांनी बसवली असती." आई म्हणाली, "ती तिकडे गेली नाही, वन्सं. कुठंच गेली नाही. मग तिनं बसायचं कुठं?" आत्या फुलवाती वळत राहिली. तीही माहेरीच राहिलेली होती. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, आज लिहिताना सुचतंय.

आई ऐकणारी नव्हती. ती मला घेऊन मौनेशअण्णांकडे गेली. "बर्री अव्वा, कूडरी," म्हणत त्यांनी चटई झटकली. आईनं टाकाचं सांगितलं तशी त्यांनी पितळी ठशांची पेटी पुढे ओढली. एकेक ठसा कापडानं पुसून ते आईपुढे ठेवू लागले. खंडोबा, भवानी, घोड्यावरचा वीर, हात जोडलेलं जोडपं, आणि कुंकू-मंगळसूत्र ल्यालेली सवाष्ण. सवाष्णीच्या ठशावर त्यांचा हात थांबला. "हुडुगीदु इल्लरी, अव्वा. मुलीचा ठसा नाही. माझ्या वडिलांकडंबी नव्हता. कोणी मागितलाच नाही कधी." मग सवाष्णीचा ठसा पुढे करून म्हणाले, "ह्याच्यावर करून देतो की. देवाला कळतंय." आईनं तो ठसा हातात घेतला, बघितला, आणि परत ठेवला. "तिच्या नशिबी नव्हतं ते तिच्या गळ्यात कसं घालू? तिला खोटं आवडायचं नाही." घरी येताना ती भर बाजारात माझा हात इतका घट्ट धरून चालत होती की माझी बोटं दुखली. मी ती सोडवून घेतली नाहीत.

मौनेशअण्णांनी हे आप्पांना सांगितलं असणार. आप्पा नेहमीसारखे दुकानात उतरत राहिले, आणि आईला वाटलं, यांना काही पडलेलं नाही.

नवरात्राच्या आदल्या दिवशी देव उजळायचे असतात. अक्का गेल्यापासून आईनं चिंचेला हात लावला नव्हता. त्या सकाळी ती मोरीपाशी बसली खरी, पण देव तसेच पुढ्यात, आणि हात कोळात बुडवलेला. मी पाणी काढत होते. आप्पा आले. खाली गिऱ्हाईक असण्याची वेळ, त्या वेळी ते कधी वर येत नसत. त्यांच्या हातात मलमलीची पिशवी होती. त्यांनी वेणीवाली बाहेर काढली आणि आईच्या ओल्या तळहातावर ठेवली. काठानं नव्हे, सरळ तोंडावर हात ठेवून.

"हिलाही घास," ते म्हणाले.

आईनं नाण्याकडे पाहिलं. "काळीच बरी म्हणत होता की."

"देवात बसायचं तर उजळायला नको?"

आईच्यानं घासवेना. तेव्हा आप्पा धोतर खोचून तिच्यासमोर मोरीच्या कडेला बसले, चिंचेचं बुटुक घेतलं आणि स्वतःच्या अंगठ्यानं घासायला लागले. गालावरून, कपाळावरून, वेणीवरून. ज्या काळेपणासाठी त्यांनी दिवाळीच्या चकलीला हात लावला नव्हता तो तपकिरी होऊन त्यांच्या बोटांवरून मोरीत वाहत होता. खालून ती मुलगी वर येत होती, पांढरी, अगदी नवी. आणि आप्पा रडत होते. मला फार भीती वाटली, कारण मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आईनं त्यांच्या हातून नाणं घेतलं नाही. तिनं फक्त तांब्यानं वरून पाणी धरलं.

आत्या देवघराच्या दारात उभी होती. "हे काय? परक्यांचं नाणं देवात?"

आप्पांनी पंच्यानं डोळे पुसले. "नाणं म्हणून नको बघू, ताई. ही त्यांची गावदेवी. शकूनंच वाचून सांगितलं होतं. लेक चालत नाही तर नाही. देवी तर चालते ना?"

"हिचा नवरा कोण?"

"द्यामव्वाला कोण विचारतं नवरा? गावाची म्हणून बसलीय ती, कुणाची बायको म्हणून नाही."

खाली गिऱ्हाईक आप्पांना हाका मारत होतं. आत्या वाकली, आप्पांच्या हातून नाणं घेतलं आणि पदरानं कोरडं केलं, आधी पुढून, मग मागून. देवघरात जाऊन ती अन्नपूर्णेला सरकवू लागली. आई म्हणाली, "कडेला ठेवलं तरी चालेल की, वन्सं." आत्या म्हणाली, "कडेला नको. तिथं खिडकीचा वारा येतो. तिला लगेच सर्दी होते."

आई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. अक्का गेल्यानंतर आमच्या घरात सगळे मिळून रडले ते त्या सकाळी. दुपारी शेंगांच्या होळिग्या, म्हणजे दाण्याच्या गोड पोळ्या झाल्या, अक्काच्या आवडीच्या, आणि पहिली वेणीवालीपुढे गेली.

पुढे आत्या गेली, पूजा आईकडे आली. रोज सकाळी वेणीवालीला ताम्हणात घेऊन आंघोळ. सणाला दूध, दही, मध, साखर. पाडव्याला, नवरात्राला, दिवाळीला चिंच आणि राख. आई तिला इतर देवांपेक्षा जास्त वेळ घासायची. गंध लावायची, ते पुसायची, पुन्हा लावायची. चांदी मऊ असते. आधी अक्षरं पुसट झाली, मग नाकाचा शेंडा गेला, मग ओठ. आप्पा समोर पाटावर बसून हे बघत असत. बाकीची नाणी त्यांनी तशीच मलमलीत जपली, त्यांच्या काळेपणाला कुणी हात लावला नाही. पण या एका नाण्याबद्दल त्यांनी आईला एका शब्दानं टोकलं नाही. चांदीवरचं भांडण आमच्या घरातून कायमचं गेलं. मला ते कधी कधी हवंसं वाटायचं.

आता दोघंही नाहीत, आणि देवघर माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी धारवाडचे एक गृहस्थ आप्पांची नाणी बघायला आले होते. फार जाणकार आणि सभ्य माणूस. एकेक नाणं काठानं धरून बघत, आप्पांच्या जपणुकीचं कौतुक करत होते. जाता जाता देवघराकडे लक्ष गेलं, आणि परवानगी मागून त्यांनी वेणीवालीला उचललं. मागचा गरुड थोडा शिल्लक होता, त्यावरून त्यांनी ओळखलं. "अरेरे," ते म्हणाले, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "आम्हीच." त्यांनी खेदानं मान हलवली. "चेहरा असतो तेव्हा ही फार देखणी असते हो." मी म्हटलं, "हो. होतीच." त्यांना चहा दिला, धारवाडचा पेढा दिला, आणि ते गेल्यावर मी वेणीवालीला पुन्हा आंघोळ घातली. अळणावरच्या बाईंना आम्ही नीट ठेवू म्हणून शब्द दिला होता. आम्ही तो पाळला की मोडला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटच्या वर्षांत आप्पांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. मी माहेरी गेले की ते मला नाणी काढायला लावत आणि हातात घेऊन कुठलं कोणतं ते ओळखत, काठावरून, वजनावरून. अशाच एका सकाळी पूजा झाल्यावर ते म्हणाले, "तिला दे जरा." मी देवघरातून वेणीवाली आणून दिली. ओली होती. त्यांनी ती तळहातावर घेतली आणि अंगठा तिच्या तोंडावरून फिरवला, हळू, कपाळापासून मानेपर्यंत, मग पुन्हा. अंगठा नुसता घसरत होता. आई पलीकडे चुलीपाशी भाकरी थापत होती.

"वेणी हाताला लागत नाही ग," आप्पा म्हणाले.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि मागे न बघता म्हणाली, "आता काय वेणीचं वय आहे तिचं? अंबाडा घालत असेल."

आप्पा "हं" म्हणाले, आणि नाणं काठानं धरून त्यांनी माझ्या हातात परत दिलं.